आनंदवनची पहिली वर्षं: नेत्याने सेवा किती करायची आणि कुठे थांबायचं

बचत गट आणि छोट्या संस्थांमधल्या लोकांसाठी मी लीडरशिपची ट्रेनिंग घेते, त्यात 'सेवाभावी नेतृत्व' हा विषय आता हमखास असतो. आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच सांगितला जातो की साहेबाने साहेबगिरी करू नये, सगळ्यांसोबत बसून डबा खावा, कधीतरी स्वतः उठून चहा आणून द्यावा. चांगलंच आहे, नाही कोण म्हणेल. पण त्याने समोरच्या माणसाचं पुढे काय होतं हे कोणी विचारत नाही, सगळं लक्ष साहेब किती खाली वाकला यावरच. म्हणून मी एक प्रकरण घेते जिथे याचं उत्तर उघड दिसतं, बाबा आमटे आणि त्यांच्या पत्नी साधनाताईंनी वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं केलं तो काळ, साधारण १९५१ ते १९६४. बाबांचं नंतरचं नर्मदा आंदोलन, भारत जोडो मोहीम, मोठे पुरस्कार हे सगळं मुद्दाम बाहेर ठेवलंय. तोपर्यंत बाबा देशभर माहीत झाले होते, त्यांच्या शब्दाला वजन आलं होतं. मला बघायचंय ते वजन नसताना काय झालं ते.

वकील, उपाध्यक्ष आणि मैल्याची पाटी

मुरलीधर देविदास आमटे, जन्म २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाट. घर जमीनदाराचं. वकिली शिकले, वरोऱ्याला प्रॅक्टिस होती, शिकारीचा नाद, सिनेमाचं वेड, गाडी, सगळं होतं. बेचाळीसच्या चळवळीत पकडलेल्या लोकांसाठी वकील उभे केले. रेल्वेत एका बाईला त्रास देणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते एकटे भिडले, आणि त्यावरून गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटलं ही गोष्ट तर बहुतेकांना शाळेपासून माहीत असते. हे वाचलं की वाटतं हा जन्मजात नेता, पुढचं सगळं आपोआप झालं असणार. मला तसं अजिबात वाटत नाही.

माझ्या मते प्रकरण सुरू होतं वरोऱ्याच्या नगरपालिकेत. बाबा तिथे उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांचा झगडा चालू होता. तेव्हा पाण्याचे संडास नव्हते, टोपलीत मैला भरायचा आणि डोक्यावरून वाहून न्यायचा. कामगारांचं म्हणणं सरळ होतं, की हे काम तुम्ही करून बघा आणि मग आमच्याशी बोला. बाबांनी टोपली उचलली आणि नऊ महिने ते काम केलं.

हा नऊ महिन्यांचा आकडा मी ट्रेनिंगमध्ये फळ्यावर लिहून ठेवते. एक दिवस झाडू मारला की फोटो निघतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. एका दिवसात पावसाळ्यात ती टोपली गळते, अंगावर ओघळ येतात, घरी गेल्यावर वास जात नाही, लोक वाटेतून बाजूला होतात, यातलं काही कळत नाही, आणि कळलं तरी उद्या परत हेच करायचंय हे ओझं तर नाहीच कळत. कामगारांच्या मागण्यांवर ज्याला निर्णय घ्यायचाय त्याच्यासाठी ही माहिती होती, आणि ती कुठल्या अर्जात किंवा रिपोर्टात मिळणारी नव्हती. सेवेचा हा पहिला उपयोग आपल्याकडे फार कमी बोलला जातो, की नेत्याला त्यातून कामाचं खरं ज्ञान होतं.

त्याच काळात एका पावसाच्या दिवशी त्यांना रस्त्याकडेच्या गटारात काहीतरी पडलेलं दिसलं. आधी वाटलं गाठोडं असेल. जवळ गेले तर माणूस होता, तुळशीराम, कुष्ठरोगाची शेवटची अवस्था, बोटं झडलेली, जखमांत किडे. आणि अभयसाधक तिथून पळाले. घरी आले, पण चैन पडेना, मग परत गेले, पावसापासून आडोसा केला, खायला दिलं. तुळशीराम काही वाचला नाही.

इथे लोक 'करुणा जागी झाली' असं लिहून मोकळे होतात. पण बाबांनी स्वतः जे पुन्हापुन्हा सांगितलंय ते भीतीबद्दल आहे. आयुष्यात कशालाच घाबरलो नाही आणि एका असहाय्य माणसाला बघून हातपाय कापले, हे त्यांना सहन होईना. त्यांनी ठरवलं की ही भीती घालवायची, आणि ती घालवायचा रस्ता एकच, त्या रोगाच्या माणसांत जाऊन काम करायचं. म्हणजे सुरुवातीला या सेवेची गरज रोग्यांइतकीच बाबांनाही होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला वाटतं मी वरून खाली उतरून उपकार करतोय, त्याच्याशी लोक कसे वागतात आणि जो स्वतः काहीतरी शिकायला आलाय त्याच्याशी कसे वागतात, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कळकळ आणि कौशल्य

या भागात हे काम अगदी नवीन नव्हतं. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः करायचे, आणि वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्येच कुष्ठधाम सुरू केलं होतं. बाबांच्या डोळ्यासमोर ही माणसं होती.

तरी ते थेट आश्रम काढायला बसले नाहीत. आधी वरोऱ्यातच रोग्यांवर उपचार कसे करतात ते शिकले, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि डॉक्टर नसतानाही कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचा कोर्स केला. तिथे संशोधनासाठी माणूस हवा होता तर स्वतःच्या अंगात जंतू टोचून घेतले. लागण झाली नाही. परत येऊन आसपासच्या गावांत दवाखाने सुरू केले. डॅप्सोन हे औषध तेव्हा नुकतं हाताशी आलं होतं. आजची एकत्र द्यायची औषधं यायला अजून तीस वर्षं होती, पण रोग रोखता येतो हे तरी आता ठामपणे सांगता येत होतं.

शिक्षणाचं हे प्रकरण लोक एका ओळीत उरकतात. मी उरकत नाही, कारण भावनेच्या भरात सेवा करायला धावलेली आणि दोन महिन्यांत दमून परत गेलेली माणसं प्रत्येक संस्थेने बघितलीत. कुष्ठरोगात तर नुसत्या प्रेमाने नुकसानही होऊ शकतं. या रोगात नसा बिघडतात आणि हातापायाची संवेदना जाते. कुदळ मारताना तुमच्या-माझ्या हाताला फोड आला की झोंबतं, आपण थांबतो, पकड बदलतो. त्या माणसाला काहीच कळत नाही, तो मारत राहतो, फोड फुटतो, जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि बोटं जातात ती बऱ्याचदा अशा न कळलेल्या जखमांमुळे. म्हणून अशा माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर दांड्याला कापड गुंडाळा, रोज हात बघा, तळवे बघा, बोटांच्या बेचक्यात बघा, पायात खडा रुतलाय का बघा, धुवा, पट्टी बांधा, आणि हे रोज. 'कामाला लावा, स्वाभिमान येईल' हे वाक्य सोपं आहे. त्याच्या मागे हे तळवे तपासणं नसेल तर ते वाक्य माणसाला लुळा करेल.

सहा माणसं, चौदा रुपये

१९५१. चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. सरकारने वरोऱ्याबाहेर पन्नास एकर जमीन दिली, म्हणजे काय तर दगड, मुरूम, झुडपं, साप आणि विंचू. गावाला नको असलेली जमीन गावाला नको असलेल्या माणसांना. तिथे गेलं कोण तर बाबा, साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान पोरं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा, आणि जवळ रोख चौदा रुपये. विनोबांच्या हस्ते जूनमध्ये उद्घाटन झालं. झोपड्या घातल्या. पहिलं काम पाण्याचं, म्हणून विहीर खणायला घेतली, त्या दगडात, हाताने.

इथे थांबून एक गोष्ट बघा. बाबांच्या हातात सत्ता म्हणून काय होतं? पगार देता येत नव्हता म्हणून कापायची भीतीही घालता येत नव्हती. 'ऐकलं नाहीस तर काढून टाकीन' असं म्हणणार कोणाला, ज्यांना घरातून, गावातून, देवळातून आधीच काढून टाकलेलं होतं त्यांना? उलट त्या सहा जणांकडे एक सोपा पर्याय होता, देवळाबाहेर किंवा स्टेशनवर बसून भीक मागणं, ज्यात दगड फोडावे लागत नव्हते. मग ते का खणत होते? मला एवढंच दिसतं, की शेजारी जो माणूस खणत होता तो वकील होता, त्याला हे करायची काही गरज नव्हती, संध्याकाळी तोच त्यांच्या जखमा धूत होता, आणि त्याची बायको-पोरं त्याच झुडपात राहत होती. आदेश द्यायचा अधिकार त्यांना तिथल्या राहण्यातून मिळाला. आनंदवनात जायच्या आधी कुठल्याच कागदाने तो दिलेला नव्हता.

आणि इथेच तो निर्णय आहे ज्यासाठी मी हे प्रकरण निवडलं. बाबांनी सहा जणांना बसवून खायला घातलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्या काळात कुष्ठधाम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर तेच यायचं, दोन वेळचं अन्न, छप्पर, मलमपट्टी, आणि मरेपर्यंत सांभाळ. दान मिळवणंही त्यातच सोपं, कारण दात्याला लाचार माणूस दाखवला की खिशात हात लवकर जातो. बाबांनी हे नाकारलं. जखम धुणं ही सेवा, ती होईलच, पण तुझी भाकरी तू पिकवायची. ज्याची बोटं गेलीत पण पाय धड आहेत त्याने वाहायचं, ज्याचे पाय गेलेत त्याने बसून करायचं, ज्याला जे उरलंय त्याच्यावर काम ठरवायचं, गेलंय त्याच्यावर नाही. 'श्रम ही है श्रीराम हमारा' हे आनंदवनचं घोषवाक्य आपण भिंतीवर वाचतो आणि पुढे जातो, पण त्या सहा माणसांच्या बाजूने विचार केला तर त्यात केवढी जोखीम होती. ते कंटाळून निघून गेले असते तर? एखादा जखम चिघळून गेला असता तर? लोक म्हणाले असते, बघा, आजारी माणसांना राबवतोय.

साधनाताई

यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागतं हेच खरं तर आपल्या लीडरशिपच्या चर्चेचं दुखणं आहे. माहेरच्या इंदू घुले, नागपूरच्या, घर सोवळ्याओवळ्याचं. घरात लग्नाची गडबड चालू असताना ही मुलगी सगळं सोडून एका म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करतेय हे बाबांनी बघितलं आणि तिथेच त्यांनी मनाशी ठरवलं. डिसेंबर १९४६ मध्ये लग्न झालं.

आता हिशोब मांडा. विहीर खणायचा निर्णय बाबांचा, पण त्या विहिरीवर काम करणाऱ्यांचं जेवण रोज कोण करत होतं? गाईचं कोण बघत होतं? आसपास साप-विंचू आणि अंगणात दोन लहान पोरं, एक जवळजवळ चार वर्षांचं एक अडीचचं, आणि डोक्यावर ही भीती की यांना लागण झाली तर. बाबांना प्रश्न पडायचे, रागही यायचा, पुढे मोठमोठी स्वप्नं पडायची, आणि ती सगळी रोजच्या वेळापत्रकात बसवायचं काम ताईंचं. नेत्याची सेवा दिसते कारण तो नेता असतो. जिच्या सेवेवर तो उभा असतो ती दिसत नाही. कुठल्याही संस्थेत जाऊन बघा, संचालकांचं नाव सगळ्यांना माहीत असतं आणि बावीस वर्षं हिशोब आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला 'अहो ताई' एवढंच म्हणतात. ट्रेनिंगमध्ये मी या प्रकरणात पहिला प्रश्न हाच विचारते की इथे नेते किती होते, आणि बहुतेक वेळा उत्तर 'एक' असंच येतं.

पिकलं, पण विकेना

पाणी लागलं, जमीन हळूहळू वळणावर आली, माणसं वाढत गेली, भाजीपाला आणि दूध स्वतःपुरतं होऊन उरायला लागलं. ते वरोऱ्याच्या बाजारात न्यायचं तर घ्यायला कोणी तयार नाही. महारोग्यांच्या हातची भाजी, महारोग्यांच्या गोठ्यातलं दूध, कोण घेणार!

बाबांनी आणखी दहा वर्षं जखमा धुतल्या असत्या तरी हा प्रश्न सुटला नसता. नेत्याची सेवा आपल्या माणसांपर्यंत पोचते, बाजारातल्या माणसाच्या मनातल्या भीतीला ती लागू पडत नाही. तिथे दुसरं काहीतरी लागतं. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे वेगवेगळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले, रोग्यांच्या बरोबरीने राबले, इमारती बांधल्या, आणि महत्त्वाचं म्हणजे तिथलंच जेवले. गावाने हे बघितलं. परक्या मुलखातली धडधाकट पोरं तिथे राहतात, तिथली भाजी खातात, आणि त्यांना काही होत नाही म्हटल्यावर वरोऱ्याच्या लोकांचं मन बदलायला लागलं, माल घ्यायला लागले. खरं म्हणजे बहुतेक माणसांच्या शरीरात कुष्ठरोगाला अटकाव करायची ताकद मुळातच असते, पण हे पत्रक वाटून सांगितलं असतं तर कोणाला पटलं असतं असं मला वाटत नाही.

इथे मला बाबांचं मोठेपण दिसतं ते असं, की दार उघडं ठेवलं. बरीच सेवाभावी माणसं आपल्या कामाबद्दल इतकी हळवी होतात की बाहेरचं कोणी आलं की त्यांना वाटतं हे आपलं पवित्र काम बिघडवतील. बाबांनी त्या पोरांच्या हातात घमेली दिली.

आणि मग १९६४. आनंदवनच्या जमिनीवर आनंद निकेतन कॉलेज सुरू झालं, आसपासच्या धडधाकट मुला-मुलींसाठी, आणि त्याच्या बांधकामात कुष्ठरोग्यांचे हात होते. ज्या लोकांना शाळेच्या पायरीवर कोणी बसू दिलं नसतं त्यांनी समाजाच्या पोरांसाठी कॉलेज बांधलं. तेरा वर्षांपूर्वी हीच माणसं, किंवा यांच्यासारखीच माणसं, देणाऱ्याच्या हाताकडे बघत बसलेली होती.

मोजायचं कशाने

एटी अँड टी कंपनीत आयुष्य काढलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन माणसाने १९७० मध्ये सेवक-नेत्याची कल्पना मांडली आणि तिथून ती जगभरच्या मॅनेजमेंटच्या वर्गात गेली. त्याची कसोटी मला पटते: ज्यांची सेवा झाली ती माणसं वाढली का, जास्त मोकळी, जास्त शहाणी, स्वतःच्या पायावर उभी झाली का, आणि पुढे स्वतः सेवा करायला लागली का. तो हे मांडत होता तेव्हा वरोऱ्यात कॉलेज सुरू होऊन सहा वर्षं झाली होती.

या कसोटीवर बाबांचं नऊ महिने मैला वाहणं महत्त्वाचं आहे पण ती तयारी आहे. खरा निकाल विहीर, भाजी, कॉलेज. आणि त्याच कसोटीवर आपल्याकडच्या कितीतरी प्रेमळ, कष्टाळू, स्वतः सगळं करणाऱ्या नेत्यांचा निकाल वाईट लागतो, हे सांगताना मला वाईट वाटतं पण ते सांगायलाच हवं. गटाची अध्यक्ष रात्री बारापर्यंत जागून सगळ्यांची वही भरते, बँकेत तीच जाते, भांडण तीच मिटवते, आणि पाच वर्षांनी गटातल्या एकीलाही कर्जाचा अर्ज भरता येत नाही. तिच्या मनात खोट नाही. पण तिच्या सेवेने बाकीच्या नऊ जणी होत्या तिथेच राहिल्या.

जे उचलू नये ते

बाबा-साधनाताईंनी स्वतःचा संसार आणि पोरं त्या माळरानावर नेली. हा त्यांचा निर्णय होता, तो कोणाकडून मागायचा नसतो. आणि याचा गैरवापर होतो म्हणून स्पष्ट लिहिते. 'आपलं काम सेवेचं आहे' असं म्हणून कार्यकर्त्याचा पगार चार-चार महिने थकवणं, बाळंतपणाच्या रजेवर नाक मुरडणं, रविवारी बोलावणं, आणि कोणी विचारलं की 'तुझ्यात निष्ठा नाही' असं ऐकवणं, हे सेवाभावी नेतृत्व नव्हे. सेवा नेत्याने करायची असते. आनंदवनात बाबांनी जे मागितलं त्याच्या दुप्पट आधी स्वतः दिलेलं होतं, आणि मागितलं तेही त्या माणसाच्याच भाकरीसाठी.

दुसरं, सहा माणसांमध्ये रोज प्रत्येकाचे तळवे बघता येतात. सहाशे झाली की नेत्याला ते शक्य नाही, मग ते बघणारी दुसरी फळी लागते. आनंदवनात बरे झालेले रोगीच पुढे नव्या रोग्यांचं बघायला लागले, शेतीचं आणि बांधकामाचं काम सांभाळायला लागले, म्हणून ते वाढू शकलं. १९७३ मध्ये हेमलकशाला आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि बाबांचा मुलगा प्रकाश आणि सून मंदाकिनी तिकडे गेले, तोपर्यंत आनंदवन बाबांच्या दोन हातांवर चालत नव्हतं.

हे प्रकरण ट्रेनिंगमध्ये वापरायचं असेल तर माझी पद्धत सांगते. गोष्ट १९५१ च्या जूनमध्ये थांबवा, पुढचं सांगू नका, बाबा आमटे हे नावही शक्य झालं तर उशिरा घ्या. पन्नास एकर मुरूम, सहा आजारी माणसं, चौदा रुपये, आणि उद्या सकाळी तुम्ही काय कराल ते लिहा म्हणावं. जवळजवळ सगळे जण 'निधी मिळवू' असं लिहितात. त्यावर भरपूर बोलू द्या, घाई करू नका. मग पुढची गोष्ट सांगा, आणि शेवटी प्रत्येकाला आपल्या टीममधल्या एका माणसाचं नाव लिहायला लावा आणि त्याच्यासमोर लिहा म्हणावं की वर्षभरापूर्वी तुमच्याशिवाय त्याला येत नव्हतं आणि आज येतं असं काम कोणतं. अर्धा तास द्या. काही कागद कोरे राहतात, ते तसेच गोळा करा आणि पुढच्या महिन्याच्या सेशनला त्याच लोकांना परत द्या.